कोकणातल्या शाळेत मुलांसोबत काम करायला जाताय? आधी एवढं वाचून जा

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलं की बऱ्याच जणांना वाटतं, आपण जिथे शिकलो त्या शाळेसाठी काहीतरी करूया, आणि लोक खरंच करतात. कुणी शनिवारी येऊन इंग्लिश बोलायला शिकवतं, कुणी कॉम्प्युटर शिकवतं, कुणी स्कॉलरशिपचे जादा तास घेतं, कॉलेजची पोरं कॅम्पला येतात, शहरातल्या संस्था महिना-महिना मुक्कामाला माणसं पाठवतात. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात पट घसरलेल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा आहेत जिथे दोनच शिक्षक मिळून सगळे वर्ग सांभाळतात, त्यामुळे ही मदत हवीच असते, बाई-गुरुजी मनापासून स्वागत करतात.

पण मुलांमध्ये गेल्यावर वागायचं कसं हे त्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. का, तर "तो आपलाच, खालच्या वाडीतल्या अमक्याचा मुलगा, त्याच्या आजोबांपासून ओळखतो आम्ही." माझं म्हणणं आहे की नेमकं इथेच आपण चुकतो. ओळख असणं म्हणजे तपासणी झाली असं नसतं. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीचे वर्षानुवर्षांचे अहवाल बघा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांमध्ये बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, नातेवाईक, शेजारी, घरोब्यातला माणूस. म्हणून नियम सगळ्यांना सारखेच पाहिजेत, गावातल्या मुलालाही आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाही. आणि नियम पाळले की चांगल्या माणसाचंही रक्षण होतं, कारण छोट्या गावात एकदा कुजबुज सुरू झाली की ती थांबवणं फार कठीण.

खाली जे लिहितोय ते मी ज्या क्रमाने नवीन येणाऱ्या दादा-ताईंना सांगतो त्याच क्रमाने लिहितोय. थोडं लांब आहे पण पूर्ण वाचा.

शाळेत पाऊल टाकायच्या आधी

फोनवर "या हो कधीपण" असं हेडसर म्हणाले म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज लिहा, त्यात तुमचं नाव, पत्ता, फोन, आधारची झेरॉक्स, कुठल्या दिवशी किती वाजता येणार, कुठल्या वर्गाला काय शिकवणार आणि कधीपर्यंत, हे सगळं येऊ द्या. तो अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवायला सांगा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊणभाग सदस्य पालक असतात, त्यामुळे तुम्ही कोण आणि कशासाठी येताय हे आपोआप घराघरात कळतं आणि पालकांना विचारायची संधी मिळते. बऱ्याच शाळांत ही सभा महिन्यातून एकदा होते, तेवढं थांबायची तयारी ठेवा.

दुसरं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची, कायम असोत की कंत्राटी, पोलीस पडताळणी करून घ्यायची असं स्पष्ट आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघडकीला आल्यावर शासनाने पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी या गोष्टी शाळांना पुन्हा बजावून सांगितल्या. तिथला आरोपी कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी होता. तुम्ही पगारी नाही, फुकट शिकवताय, पण मुलाच्या दृष्टीने तुम्ही शाळेतलेच मोठं माणूस आहात. शाळेने मागितला नाही तरी दाखला स्वतःहून नेऊन द्या. कुणी दाखला मागितल्यावर चिडत असेल, "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणत असेल, तर अशा माणसाला मी वर्गात सोडणार नाही, तो कितीही हुशार असो.

तिसरं म्हणजे शाळेत अडचण आली तर सांगायचं कुणाला हे आधीच विचारून ठेवा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला पाहिजे, तिच्यात कोण आहे, तक्रारपेटी कुठे लावलीय, ती कोण उघडतं, जवळचं पोलीस ठाणं कुठलं. काही ठिकाणी समिती कागदावरच असते, तुम्ही विचारलंत की निदान फाईल तरी बाहेर निघते.

पहिल्या दिवशी

लवकर जा आणि शाळा फिरून बघा. कुठल्या खोलीला खिडकी नाही, सामानाची खोली कुठे, पोषण आहाराचा स्वयंपाक कुठे होतो, मुलामुलींचे संडास कुठे आणि व्हरांड्यातून तिकडचा रस्ता दिसतो का. आपल्याकडे संडास बहुतेक वेळा शाळेच्या मागच्या बाजूला, कातळाच्या कडेला नाहीतर रानाला लागून असतात. तुम्ही कुठे बसून शिकवणार ते हेडसरांशी बोलून ठरवा, आणि जागा अशी निवडा की येताजाता कुणालाही तुम्ही आणि मुलं दिसाल. दार उघडं, खिडक्या उघड्या. पावसाची झड आत येते म्हणून दार लोटून घेतात लोक, त्यापेक्षा बाकं आतल्या बाजूला सरकवा.

येण्या-जाण्याची नोंद वहीत करा, तारीख, वेळ, सही. अशी वही नसेल तर शंभर पानी वही विकत घेऊन टेबलावर ठेवा. मुलांना ओळख करून देताना तुमचं काम नेमकं सांगा, "मी शनिवारी गणित शिकवायला येणार, अकरा वाजता जाणार." आणि बाईंच्या समोर हेही सांगा की "माझं काही आवडलं नाही तर बाईंना सांगायचं, मला राग येणार नाही." हे वाक्य मुलं लक्षात ठेवतात.

एकट्या मुलासोबत एकटं राहायचं नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आणि आपल्याकडे पाळायला सगळ्यात अवघड, कारण कमी पटाच्या शाळेत माणसंच नसतात. एक शिक्षक रजेवर, दुसऱ्यांना केंद्रशाळेत मीटिंगला बोलावलेलं, आणि जाताना ते तुम्हाला म्हणतात "बघा जरा पोरांकडे, येतोच मी." इथे नम्रपणे नाही म्हणायला शिका. वर्गाची जबाबदारी शिक्षकाची आहे, व्हॉलंटियरची नाही, आणि काही झालं तर त्या शिक्षकांचीच नोकरी अडचणीत येईल. समितीच्या अध्यक्षांना नाहीतर जवळ राहणाऱ्या एखाद्या आईला फोन करून बोलवा, अंगणवाडी शेजारी असेल तर सेविकाताईंना सांगा, स्वयंपाक करणाऱ्या ताई तर असतातच. तोवर सगळ्या मुलांना घेऊन बाहेर व्हरांड्यात बसा.

एखाद्या मुलाला वेगळं शिकवायची गरज पडते, मान्य आहे, चौथीत येऊन वाचता न येणारं मूल सगळ्यांसमोर वाचायला लाजतं. त्याला त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात घ्या, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही पण दिसेल इतक्या अंतरावर. शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ नका. तुम्ही राहता त्या खोलीवर शिकवणीला बोलवू नका, एकट्याला तर नाहीच नाही, "ये रे लॅपटॉपवर दाखवतो" हेसुद्धा नको. संस्थेतर्फे गावात मुक्कामाला असणाऱ्यांनी ही गोष्ट घरमालकालाही सांगून ठेवावी, कारण गावात मुलं कुणाच्याही पडवीत मोकळेपणाने येतात आणि त्यांना हाकलणं बरं दिसत नाही. पडवीत बसू दे, माजघरात नाही.

स्पर्श

लहान मुलं येऊन बिलगतात, हात धरतात, मांडीवर बसायला बघतात, पहिलीतलं पोर रडत आलं तर ते तुमच्या पायालाच मिठी मारतं. त्याला झिडकारायचं नाही. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, बाजूने खांद्यावर हात ठेवा, बोला, आणि हळूच बाजूला बसवा. मांडीवर घेऊ नका, गालगुच्चे नको, गुदगुल्या नको, पापा नको, मस्ती करता करता उचलून फिरवणं नको. टाळी द्या, शाबासकी तोंडाने द्या. मूल अंग चोरत असेल तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी हात मागे घ्या.

कबड्डी, लेझीम, योगासनं, नाच शिकवताना हात लागतोच. आधी करून दाखवा, मग तोंडाने सांगा, आणि तरीही हात वळवून दाखवायचा असेल तर विचारा, "हात धरून दाखवू का?" मूल नाही म्हणालं तर नाही. कबड्डीची पकड मुलावर करून दाखवू नका, दोन मुलांना एकमेकांवर करायला सांगा. विहिरीत किंवा नदीच्या कोंडीत पोहायला शिकवायची हौस अनेकांना असते. शाळेचा व्हॉलंटियर म्हणून हे काम तुमचं नाही, ते आईवडिलांनी करावं.

आता कपड्यांचं. जुलै महिन्यात पहिली-दुसरीची मुलं शाळेत पोचतात तेव्हा निम्मी भिजलेली असतात, रेनकोट असतो पण बटणं तुटलेली, चड्डी ओलीचिंब, आणि थंडीने कुडकुडत एखादं मूल तुमच्याकडेच येऊन उभं राहतं कारण तुम्ही दाराजवळ आहात. तुम्ही कपडे बदलायचे नाहीत. बाईंना हाक मारा, किंवा स्वयंपाकाच्या ताईंना. कोरडे कपडे शाळेत ठेवायची व्यवस्था करा, दोन-तीन मापांच्या चड्ड्या, दोन टॉवेल, एका डब्यात. मूल स्वतः बदलू शकत असेल तर त्याला कपडे देऊन आडोशाला पाठवा आणि तुम्ही बाहेर थांबा, पाठ करून, बाकीच्यांना दिसाल असे. चड्डीत शी-शू झाली तरी हेच, आणि घरी फोन. संडासला मुलांना जोडीजोडीने पाठवा, मोठ्या माणसाने आत जायचं नाही, पावसात साप-विंचवाची भीती असते म्हणून शाळा भरायच्या आधीच कुणीतरी आत बघून घ्यावं. लागलं-खरचटलं तर गुडघा-कोपर तुम्ही धुवून पट्टी लावू शकता, सगळ्यांसमोर. कपडे वर करावे लागतील अशी जागा असेल तर शिक्षक आणि पालक. औषधाची गोळी, साधी तापाची असली तरी, स्वतःच्या मनाने द्यायची नाही. साप चावला, मोठा अपघात झाला तर १०८.

बोलणं

मारायचं नाही हे सगळ्यांना माहितीय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण मानसिक छळ म्हणजे काय हे आपल्याला पटकन लक्षात येत नाही कारण आपण स्वतः तेच ऐकत मोठे झालो. "बापासारखाच दारुडा होणार", "तुमच्या वाडीतल्यांना अभ्यास जमतच नाही", "किती काळी आहेस गं", "जाड्या उठ". हे चेष्टेत पण नको. आडनावावरून, जातीवरून, घरी मासे विकतात का गुरं राखतात यावरून काही बोलायचं नाही. मोठ्या होत चाललेल्या मुलींच्या कपड्यांवर, उंचीवर, शरीरावर कौतुकाने पण बोलू नका. मुलगा-मुलगी एकत्र बोलले की चिडवायची जी सवय आहे ती तर मोठ्यांनी पूर्ण सोडायला पाहिजे.

घरच्या गोष्टी खणून काढू नका. वडील मुंबईला, आई आंब्याच्या बागेत कामाला, मूल आजीकडे, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. मूल स्वतः सांगेल ते ऐका. आणि मुलाशी कसलंही गुपित ठेवू नका, "हे आपल्या दोघांतच हां" हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडी कधीच येता कामा नये, गंमत म्हणूनही नको, कारण मुलाला फसवणारा माणूस सुरुवात याच वाक्याने करतो. मुलांना आपण हेच शिकवायला पाहिजे की जो मोठा माणूस घरी सांगू नको म्हणतो त्याचंच घरी सांगायचं.

खाऊचंही तसंच. मुंबईहून आलं की चॉकलेटं आणायची पद्धत आहे. आणा, पण बाईंकडे द्या, त्या सगळ्यांना सारखी वाटतील. एकाच मुलाला पेन, घड्याळ, कपडे, रिचार्जचे पैसे देऊ नका. एखाद्याची खरंच गरज दिसली तर शाळेमार्फत द्या, नाव न सांगता.

मोबाईल आणि फोटो

वर्गात असताना फोन खिशात किंवा टेबलावर उलटा. मुलांचा नंबर घेऊ नका, आपला देऊ नका, इन्स्टावर मुलांच्या रिक्वेस्ट स्वीकारू नका. सातवी-आठवीची मुलं आईच्या फोनवरून "हाय दादा" असे मेसेज टाकतात. उत्तर द्यायचं असेल तर शिक्षक आणि पालक असलेल्या ग्रुपवरच द्या, गृहपाठ असो नाहीतर सुट्टीची चौकशी. रात्री मुलांशी चॅट कुठल्याही कारणाने नको.

फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि संमती असली तरी हात आखडता ठेवा. शाळेच्या पाटीसकट, मुलांची नावं लिहून, लोकेशन टाकून फोटो स्टेटसला ठेवले की ते मूल कुठे सापडेल हे कुणालाही कळतं. मागून काढलेला फोटो, हातांचा, चित्रांचा, रांगोळीचा फोटो पण छान येतो. भिजलेली, कपडे बदलणारी, ओढ्यात खेळणारी मुलं, रडणारं मूल, कुणाचं मोडकं घर, यांचे फोटो काढायचेच नाहीत. संस्थेला रिपोर्टसाठी फोटो लागतात, मला कल्पना आहे, त्यासाठी फोटो शिक्षकांच्या फोनवर काढा आणि त्यांनीच निवडून पाठवू देत.

घरी सोडणं, गॅदरिंग, सहल

इथे जरा थांबतो, कारण वर्गात सगळे नीट वागतात आणि घोळ होतो तो वर्गाबाहेर.

पावसात एसटी आली नाही, साकवावरून पाणी चाललंय, दोन मुलं शाळेत अडकलीत आणि तुमच्याकडे बाईक आहे. मन म्हणतं सोडून येऊ. एकट्या मुलाला मागे बसवून नेऊ नका. आधी घरी फोन, रेंज नसेल तर वाडीतल्या कुणाच्या तरी हातून निरोप. पालक येईपर्यंत शिक्षक आणि तुम्ही दोघांनी थांबायचं. पर्यायच नसेल तर हेडसरांची परवानगी, पालकांशी फोनवर बोलणं, दोन मोठी माणसं, आणि निघाल्याची-पोचल्याची वेळ वहीत. पालकाऐवजी दुसरं कुणी न्यायला आलं, काका असो की शेजारी, तर आईवडिलांना फोन करून विचारल्याशिवाय मूल ताब्यात द्यायचं नाही. त्या काकांना राग आला तरी चालेल.

गॅदरिंगच्या रात्री तर फार लक्ष लागतं. नमन-दशावतार बघून वाढलेली आपली मुलं, त्यांना मेकअपची, कपडेपटाची भारी हौस, आणि रंगमंचाच्या मागे ताडपत्री लावून केलेल्या एकाच खोलीत सगळी गर्दी, मुलं, मुली, मेकअपवाला, लाईटवाला, कुणाचे तरी मामा. आधीच ठरवा की मुलींची खोली वेगळी आणि तिथे बाई व आयाच, मुलांची वेगळी आणि तिथे किमान दोन पुरुष. दारावर एक माणूस बसवा ज्याच्याकडे यादी आहे. कपडे बदलताना आत मोबाईल बंद. नऊवारी नेसवायची, दाढी-मिशी चिकटवायची तर ते दार उघडं ठेवून. कार्यक्रम संपल्यावर काळोखात प्रत्येक मूल कुणाबरोबर गेलं त्यावर खूण करायची. दमलेले असतो सगळे आणि हीच खूण करायची राहते, म्हणून या कामाला असा माणूस ठेवा ज्याला दुसरं काहीच काम दिलेलं नाही.

सहलीसाठी शाळेने शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं घेतलेली असतात, ती आहेत का ते विचारा. समुद्र आपल्या मुलांना रोजचा आहे म्हणून धोका कमी होत नाही. २०१६ साली रायगडमधल्या मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, मोठी मुलं होती ती. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना, होडीवाल्यांना विचारूनच जा, ओहोटी लागलेली असताना पाण्यात सोडू नका, आणि शाळेच्या सहलीत घोट्याच्या वर पाणी नको हा माझा आग्रह असतो. होडीतून जायचं तर प्रत्येकाला लाईफ जॅकेट, नसेल तर जायचं नाही. मुलांची डोकी गाडीतून उतरताना, किनाऱ्यावर, जेवायच्या आधी आणि गाडीत चढताना मोजायची. मुक्काम असेल तर मोठ्यांनी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही, बाहेर व्हरांड्यात झोपा.

मुलाने काही सांगितलं तर

एखादं मूल तुम्हालाच का निवडेल? कारण तुम्ही बाहेरचे आहात, मन लावून ऐकता, आणि गावात कुणाचे लागत नाही. ते सरळ "माझ्यावर अत्याचार झाला" असं सांगणार नाही. मालवणी मुलगी म्हणेल "माका थंय जावचा नाय", म्हणजे मला तिथे जायचं नाही. कुणाच्या तरी घरी जायचं नाव काढलं की पोटात दुखायला लागतं, चांगलं खेळणारं मूल गप्प होतं, झोप येते, चिडतं, वयाला न शोभणारं काहीतरी बोलतं.

तुम्ही शांत राहा. चेहऱ्यावर धक्का दिसला तर ते मूल पुढे बोलणार नाही. लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बसा आणि ऐका. "मग काय झालं?" एवढंच विचारा. "त्याने तुला हात लावला का?" असे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न नकोत, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, चौकशी करायला पोलीस आहेत. "तू आधी का नाही सांगितलंस" हे तर विसरूनसुद्धा म्हणू नका. म्हणा, "सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही." आणि कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, म्हणा की "तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन."

लगेच बाजूला जाऊन लिहून काढा, तारीख, वेळ, कुठे बसला होतात, मुलाने वापरले तेच शब्द, मालवणी असतील तर मालवणीच, शरीराच्या अवयवाला ते जे म्हणालं तेच. शुद्ध मराठीत सुधारून लिहू नका. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, आंघोळ घालू नये, हे घरच्यांना सांगायला लागेल. पण आधी विचार करा की ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो घरातलाच तर नाही ना. तसं असेल तर आधी घरी न जाता थेट पोलिसांकडे नाहीतर १०९८ वर.

१०९८ ही चाईल्ड हेल्पलाईन दिवसरात्र आणि फुकट आहे. ११२ पण आहेच. पोक्सो कायदा २०१२ चा, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो की मुलगी, त्यामुळे "पोरग्याला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडू शकेल अशी ज्याला शंका आहे, त्याने पोलिसांना कळवायलाच पाहिजे, आणि यात तुम्ही पण आलात. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तुम्ही हेडसरांना सांगितलंत, चांगलं केलंत, पण ते पुढे कळवतात का ते बघायचं काम तुमचंच, आणि ते टाळत असतील तर तुम्ही स्वतः जायचं. सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, तेही याच कलमात लिहिलंय. पोलीस पाटलांना सोबत घ्या हवं तर, पण त्यांच्या कानावर घातलं म्हणजे ठाण्यात कळवलं असं होत नाही.

मग दडपण येईल, ते येतंच. "गावकीत बसून मिटवूया", "पोरीच्या लग्नाचं बघायला पाहिजे", "शाळेचं नाव जाईल, पट अजून कमी होईल". मुलावरचा अत्याचार गावकीत मिटवायचा विषयच नाही, तिथे जे बसतात त्यांचे आणि आरोपीचे बरेचदा घरचे संबंध असतात, आणि मूल त्यानंतर कधीच तोंड उघडत नाही. आरोपीला स्वतः जाऊन जाब विचारू नका, तो पुरावे संपवेल आणि मुलावर दबाव आणेल. पालक पोलिसांना घाबरत असतील तर त्यांना सांगा की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, साध्या कपड्यात, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. ही माहिती मिळाली की आयांचा जीव बराच भांड्यात पडतो, मी बघितलंय.

आणि कुणाकडे काही बोलू नका. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मोठ्या शहरात नाव लपवलं की पुरतं, आपल्याकडे "त्या शाळेतली चौथीतली" एवढं म्हटलं तरी अख्ख्या पंचक्रोशीला कळतं, कारण चौथीत मुली दोनच असतात. व्हॉट्सॲपवर "एक वाईट बातमी" असं मोघम लिहिलंत तरी लोक नाव शोधून काढतात.

दुसऱ्या व्हॉलंटियरचं वागणं खटकलं तर

मित्रच असतो बहुतेक वेळा, एकत्र राहतो, एकत्र जेवतो. तो एकाच मुलाला कायम जवळ बसवतो, वहीत नोंद न करता लवकर येतो, मुलांना खोलीवर नेतो, मुलीला ओढ्याकडे फोटो काढायला घेऊन गेला. गुन्हा झालाच असेल असं नाही. नियम मोडला हे नक्की, आणि तेवढं सांगायला पुरेसं आहे. जे डोळ्यांनी बघितलं ते तारीख-वेळेसकट मुख्याध्यापकांना आणि तुमच्या संस्थेला लिहून द्या, अंदाज लिहू नका. चौकशी होईपर्यंत त्याला मुलांपासून लांब ठेवा अशी मागणी करा. शंका अत्याचाराची असेल तर वर सांगितलं तसं पोलिसांना. खुद्द तुमच्याबद्दल कुणी तक्रार केली तर त्या मुलाशी किंवा घरच्यांशी बोलायला जाऊ नका, स्वतःहून काम थांबवा आणि नोंदवही, अर्ज, परवानगी जे काही आहे ते चौकशीला द्या.

काम संपवून जाताना

मुलांना दोन-तीन आठवडे आधीपासून सांगा की अमुक तारखेपर्यंतच मी आहे. अचानक गायब होऊ नका, ज्यांचे वडील शिमगा-गणपतीलाच घरी दिसतात त्या मुलांना ते फार लागतं. "मी परत येईन", "तुला मुंबईला नेईन" असलं काही बोलू नका जर नक्की नसेल. शेवटच्या दिवशी शाळेची किल्ली, ओळखपत्र, हजेरीच्या याद्या परत करा, फोनमधले मुलांचे फोटो शाळेला देऊन स्वतःच्या गॅलरीतून आणि गुगल फोटोजमधूनही काढून टाका. मुलांना पत्र लिहायचं असेल तर शाळेच्या पत्त्यावर, सगळ्या वर्गाच्या नावाने लिहा, बाई वाचून दाखवतील.